पदवी मागतं कोण?

आमचे नाना व्हर्नाक्युलर फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, दाखल्यावर पोलिसात लागले आणि जमादार होऊन निवृत्त झाले. शिक्षणावर घरचा खर्च किती झाला असं विचारलं की म्हणायचे, "पाटी फुटली तेव्हा दुसरी घ्यावी लागली." त्यांची नात न्यू जर्सीत, एडिसन गावात वाढली. २०२५ साली ती बारावीत गेली, आणि नानांच्याच धंद्यात शिरण्यासाठी सत्तावीस हजार डॉलरचं कर्ज काढावं का, असा प्रश्न तिनं घरात टाकला.

मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिथं होतो. घरात दोन तट पडले होते. बहिणीला मुलीनं पिस्तूल लावावं हेच पटत नव्हतं. मेहुणे संगणकातले. त्यांचा विरोध पिस्तुलाला नव्हता, आकड्याला होता. "दादा, तुम्ही तीस वर्षं कोर्टाच्या बातम्या केल्यात. तुम्हीच सांगा तिला, या डिग्रीला बाजारात भाव काय?" शिवाजीनगर कोर्टाच्या व्हरांड्यात तीस वर्षं चहा पिऊन अमेरिकेतल्या पदवीचा भाव कळत नाही, हे त्यांना सांगणं जिवावर आलं. मग त्या सुट्टीत मी दुसरं काही केलंच नाही. नायगारा राहून गेला.

क्रिमिनल जस्टिस म्हणजे गुन्हा, पोलीस, कोर्ट आणि तुरुंग या सगळ्या यंत्रणेचा एकत्र अभ्यास. आपल्याकडे हा विषय बहुतेक एमएच्या पातळीवर, क्रिमिनॉलॉजी म्हणून भेटतो. तिकडे तो बारावीनंतर चार वर्षांचा सरळ अभ्यासक्रम आहे, आणि कायदा-सुव्यवस्थेच्या त्या गटात वर्षाला पन्नास हजारांहून जास्त मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात. यातली किती मुलं टीव्हीवरच्या मालिका बघून येतात, हे विचारायची सोय नाही. आमची भाची तशी आलेली नाही असं ती म्हणते. तिच्या खोलीतल्या भिंतीवरची चित्रं वेगळं सांगतात.

या पदवीची जन्मकथा मजेशीर आहे. कॅलिफोर्नियात बर्कली नावाच्या गावी ऑगस्ट व्होल्मर हा पोलीसप्रमुख होऊन गेला. त्याचं स्वतःचं शिक्षण सहावीच्या आसपास थांबलेलं. म्हणजे आमच्या नानांपेक्षा एक इयत्ता कमीच. या गृहस्थानं १९०८ साली आपल्या शिपायांसाठी शाळा काढली आणि १९१६ साली तिथल्या विद्यापीठात पोलिसांसाठी उन्हाळी वर्ग सुरू करवले. तो कॉलेजच्या पोरांना पोलिसात घ्यायचा म्हणून लोक त्याच्या शिपायांची टिंगल करत. शिकलेला पोलीस ही कल्पना फार न शिकलेल्या माणसाला सुचली, आणि तो जिवंत असेपर्यंत ती बहुतांशी कल्पनाच राहिली.

तिला पैसा मिळाला तो साठच्या दशकात. शहरांत दंगली पेटत होत्या, पोलिसांवरचा विश्वास उडाला होता. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या आयोगानं १९६७ साली अहवाल दिला. पोलीस दलातल्या प्रत्येकाकडे शेवटी चार वर्षांची पदवी असावी, हे ध्येय त्यात होतं. पाठोपाठ १९६८ साली कायदा झाला आणि त्याच्याखाली पोलिसांच्या शिक्षणासाठी 'लीप' नावाची योजना आली. तिची रचना मी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला सरकार वर्षाला १,८०० डॉलरपर्यंत कर्ज देई. त्यानं पदवीनंतर पोलिसात किंवा तुरुंगखात्यात नोकरी धरली की दर वर्षाला पाव कर्ज माफ. चार वर्षं नोकरी, कर्ज शून्य. आधीच नोकरीत असलेल्या शिपायाला तर शुल्कासाठी सरळ अनुदान.

विचार साधा होता. शिकलेला पोलीस समाजाला हवा आहे, तर बिल समाजानं भरावं.

पैसा दिसल्यावर जे व्हायचं तेच झालं. गावोगावच्या कॉलेजांनी क्रिमिनल जस्टिसचे विभाग उघडले. निवृत्त अधिकारी प्राध्यापक झाले आणि पोलीस अकादमीत शिकवायचं तेच विद्यापीठाच्या फळ्यावर उतरलं. १९७८ साली लॉरेन्स शर्मन यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अहवालानं या शिक्षणाच्या दर्जावर सडकून टीका केली. तोवर सरकारचाही उत्साह मावळला होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला योजना आणि ती चालवणारं खातं दोन्ही बंद झालं. विभाग मात्र राहिले, प्राध्यापक राहिले, जाहिराती राहिल्या. बिल भरणारा तेवढा बदलला. आता ते अठरा वर्षांच्या पोराच्या नावावर फाटू लागलं.

एका सकाळी मी लोकलनं न्यूयॉर्कला गेलो आणि दहाव्या अव्हेन्यूवरचं जॉन जे कॉलेज बाहेरून बघून आलो. या विषयातलं अमेरिकेतलं सगळ्यात नावाजलेलं कॉलेज हेच. १९६५ साली वर्ग सुरू झाले तेव्हा त्याचं नाव होतं कॉलेज ऑफ पोलीस सायन्स. आद्याक्षरं जुळवली की 'कॉप्स' होतं. हे कुणी मुद्दाम केलं असेल तर त्याला माझा नमस्कार. पुढे अमेरिकेच्या पहिल्या सरन्यायाधीशांचं नाव मिळालं. सुरुवातीला विद्यार्थी बहुतेक कामावरचे पोलीसच. त्यांच्या पाळ्या बदलत, म्हणून एकच तास सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी घेतला जाई. दिवसपाळीवाला संध्याकाळी बसे, रात्रपाळीवाला सकाळी. वर हे कॉलेज न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाचं, आणि त्या विद्यापीठात १९७६ सालापर्यंत शिकवणी शुल्कच नव्हतं. त्या वर्षी शहराची तिजोरी आटली आणि शुल्क लागू झालं. जॉन जे बंद करण्याचीही भाषा झाली होती. ते वाचलं.

आज तिथं न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशाला वर्षाला ६,९३० डॉलर शुल्क पडतं. चार वर्षांचे २७,७२०. बापाची कमाई फार कमी असेल तर केंद्र सरकारचं पेल अनुदान वर्षाला ७,३९५ डॉलरपर्यंत मिळतं, म्हणजे शुल्क फुकटच पडलं म्हणायचं. अशा घरातल्या मुलासाठी हा सगळा लेखच अनावश्यक आहे. पण आमची भाची नदीच्या अलीकडची. परराज्यातल्या विद्यार्थ्याला तिथं क्रेडिटमागे ६२० डॉलर मोजावे लागतात. पदवीला १२० क्रेडिट. गुणाकार भाचीनंच केला: ७४,४००. तोच वर्ग, तेच बाक, तेच मास्तर, आणि हडसन ओलांडल्याचे सेहेचाळीस हजार जास्त. मेहुण्यांनी त्या रात्री जॉन जेचं नाव यादीतून खोडलं. राज्यातल्या कॉलेजांची यादी उरली.

आता कमाईची बाजू.

अमेरिकी कामगार खात्याचे २०२३ चे मध्यम पगाराचे आकडे मी भाचीच्या वहीत उतरवले. मध्यम म्हणजे निम्मे लोक याच्या वर, निम्मे खाली. पोलीस आणि डिटेक्टिव्ह, वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलर. प्रोबेशन ऑफिसर, सुमारे ६२ हजार. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, ६५ हजार. तुरुंगरक्षक, ५३ हजार. आणि मॉलच्या दारात किंवा गोदामाच्या फाटकावर उभा राहणारा सुरक्षारक्षक, ३७ हजार. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून भाची म्हणाली, "हे का लिहिलंस? याला डिग्री लागत नाही." लागत नाही, म्हणूनच लिहिलं. पोलिसातली भरती हुकली, धावण्याच्या चाचणीत नापास झालं, पूर्वचरित्राच्या तपासणीत काही निघालं, तर ही पदवी हातात घेतलेली मुलं बरेचदा त्या फाटकावर जाऊन उभी राहतात. डॉक्टर होता आलं नाही तर विज्ञानाच्या पदवीधराला दहा वाटा असतात. या पदवीला बाहेरच्या बाजारात तेवढ्या नाहीत.

पण यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. पोलिसात जायला ही पदवी बहुतेक ठिकाणी लागतच नाही. अमेरिकेत पोलीस दलं गावागणिक वेगळी, हजारोंच्या संख्येनं, आणि त्यातल्या बहुतेकांना बारावी चालते. मिनेसोटासारखं एखादं राज्य दोन वर्षांची पदवी मागतं. न्यूयॉर्क शहराचं दल ६० क्रेडिट, म्हणजे अर्धी पदवी मागायचं. माणसं मिळेनात म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी ती अट २४ क्रेडिटवर आणली, आणि त्याच वेळी दीड मैल धावण्याची चाचणी पुन्हा सुरू केली. डोकं थोडं कमी चालेल, पाय चालले पाहिजेत. भरती झाली की अकादमीत शिकताना पगार सुरू. न्यूयॉर्कला पहिल्या वर्षी ६० हजारांच्या वर, आणि साडेपाच वर्षांनी जादा कामाचे पैसे धरून सव्वा लाखाच्या पुढे. हा पगार क्रिमिनल जस्टिस केलेल्याला, इतिहास केलेल्याला आणि २४ क्रेडिट करून कॉलेज सोडलेल्याला एकच.

एफबीआय पदवी मागते, पण कुठलीही. तिथं हिशेबनीस, वकील, परभाषा जाणणारे, संगणकवाले यांना जास्त मागणी. प्रयोगशाळेला रसायन किंवा जीवशास्त्र हवं. कोर्टाला कायद्याची पदवी हवी. यादीत पदवीची अट आणि हा विषय दोन्ही नीट जुळतात ते प्रोबेशन ऑफिसरच्या नोकरीत, आणि तिथंही समाजकार्य किंवा मानसशास्त्रवाला चालतो.

मग पदवीचा फायदाच नाही का? आहे, पण तो दारात मिळत नाही, जिन्यावर मिळतो. सार्जंट, लेफ्टनंट अशी बढती घेताना अनेक दलं क्रेडिट मोजतात. मॅसॅच्युसेट्सनं तर १९७० साली क्विन यांच्या नावाचा कायदा करून पगारच बांधून दिला होता: दोन वर्षांच्या पदवीला मूळ पगारावर दहा टक्के, चार वर्षांच्या पदवीला वीस, मास्टर्सला पंचवीस. निम्मा भार राज्याचा, निम्मा गावाचा. मग काय, शिपायांच्या सोयीनं झटपट पदव्या देणारे वर्ग उगवले आणि २००३ मध्ये अभ्यासक्रमांची चाळणी करावी लागली. २००९ च्या मंदीत राज्यानं हात आखडता घेतला आणि नव्या भरतीसाठी दार लावलं. राज्याचा निम्मा हिस्सा आता कुणी द्यायचा यावरून शिपाई आणि गावं कोर्टात गेली. मला ही हकिगत आवडते, कारण लीपचंच छोटं रूप आहे. सरकारनं पदवी मागितली, भाव ठरवला, आणि मध्येच बाजारातून उठून गेलं.

जिथं सरकार उठून जातं तिथं कोण बसतं? नफ्यासाठी चालणारी कॉलेजं. इलिनॉयमध्ये वेस्टवूड कॉलेजची शिकागोच्या आसपास केंद्रं होती. तिथल्या क्रिमिनल जस्टिसच्या पदवीला सत्तर हजार डॉलरच्या आसपास खर्च येई. मुलांना सांगितलं जाई की या पदवीवर शिकागो पोलिसात, राज्य पोलिसात जाता येईल. पण वेस्टवूडला मान्यता होती ती वेगळ्या प्रकारची, आणि ही दलं ती धरत नव्हती. राज्याच्या ॲटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी २०१२ साली खटला भरला. २०१५ मध्ये कॉलेजनं दीड कोटी डॉलरची कर्जं सोडून देण्याचं मान्य केलं आणि २०१६ मध्ये कुलूप लावलं. केंद्र सरकारची कर्जं मात्र मुलांच्या बोकांडी तशीच. ती माफ झाली २०२२ च्या ऑगस्टमध्ये: ७९ हजार माणसं, दीड अब्ज डॉलर. खटला भरल्यापासून दहा वर्षं. त्यातल्या कुणाचं घर घ्यायचं राहिलं, कुणाचं लग्न लांबलं, ते त्या आकड्यात येत नाही.

मिनेसोटात ग्लोब युनिव्हर्सिटी आणि तिच्या भावंडसंस्थेनं हेच केलं. राज्याच्या पोलीस मंडळाची मान्यता नसलेला अभ्यासक्रम पोलीस व्हायला निघालेल्या मुलांना विकला. २०१६ साली कोर्टानं ही ग्राहकांची फसवणूक आहे असा निकाल दिला. या दोन्ही प्रकरणांत मला एकच गोष्ट राहून राहून बोचते. ज्या खात्यात नोकरी करायची त्या खात्याला एक फोन केला असता तर सगळं दोन मिनिटांत उघड झालं असतं. पण सतरा वर्षांचं पोर खात्याला फोन करत नाही, खात्याला करायचा फोन ते कॉलेजला करतं, आणि कॉलेज फोन लगेच उचलतं.

कर्जाचं गणित आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलं. पालकांवर अवलंबून असलेल्या मुलाला केंद्र सरकार पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढची दोन वर्षं साडेसात-साडेसात हजार डॉलर कर्ज देतं. बेरीज २७ हजार. २०२५-२६ चा व्याजदर ६.३९ टक्के. शिकत असतानाचं व्याज बाजूला ठेवलं तरी दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याला ३०५ डॉलर हप्ता, एकूण फेड ३६,६०० च्या आसपास. न्यूयॉर्कच्या नव्या शिपायाच्या पगारात हा हप्ता सहा टक्के. फाटकावरच्या रक्षकाच्या पगारात दहा टक्के. कागदावर दोघांची पदवी एकच.

आम्ही हे मांडत होतो त्याच आठवड्यात नियम बदलले. ४ जुलैला, बाहेर आतषबाजी चालू असताना, अध्यक्षांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यात शिक्षणकर्जाचं प्रकरणही होतं. जुलै २०२६ पासून नवं कर्ज घेणाऱ्याला एवढ्या रकमेसाठी ठरीव मुदत पंधरा वर्षांची. हप्ता ३०५ वरून २३४ वर येतो, बहिणीला तेवढ्यानं बरं वाटलं, आणि मेहुण्यांनी लगेच गुणाकार केला: एकूण फेड ४२ हजार. ज्या अभ्यासक्रमाचे पदवीधर त्या राज्यातल्या नुसत्या बारावी झालेल्यांपेक्षाही कमी कमावतात, त्याला केंद्राचं कर्जच मिळू नये, अशी चाळणीही या कायद्यात आहे. पोलिसांच्या पगारामुळे चांगली क्रिमिनल जस्टिसची कॉलेजं त्यातून सुटतील. ही चाळणी दहा वर्षं आधी असती तर वेस्टवूडसारख्यांचं काय झालं असतं, याचा मी विचार करत राहिलो.

सरकारी नोकरीत माफी आहेच, असं भाची म्हणाली. २००७ च्या कायद्यानं ती आली: सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत राहून १२० हप्ते भरा, उरलेलं माफ. पोलीस, प्रोबेशन, सरकारी वकील सगळे पात्र. खासगी कंपनीच्या तुरुंगातला रक्षक नाही. ही योजना लीपची नात म्हणायला हरकत नाही, फक्त आजी चार वर्षांत सोडायची, ही दहा लावते. वर तिची सुरुवात भयंकर झाली. २०१८ च्या मध्यापर्यंत सुमारे २८ हजार अर्ज आले आणि मंजूर झाले ९६. शहाण्णव. पुढे नियम सैल केल्यावर २०२४ पर्यंत दहा लाखांवर लोकांना माफी मिळाली, हेही खरं. पण त्यात मेख आहे. दहा वर्षांचा ठरीव हप्ता भरणाऱ्याचं दहा वर्षांत कर्जच संपतं, मग माफ काय करणार? हप्ता कमाईच्या प्रमाणात बांधून घेतला तरच शेवटी काही उरतं. आणि तोवर सगळी दहा वर्षं सरकारी नोकरीतच राहायचं. बावीस वर्षांच्या माणसाला तेवढा काळ फार मोठा वाटतो.

मी परतल्यावर मराठवाड्यातल्या एका ओळखीच्या घरातून फोन आला. मुलगा आपल्याकडच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत शिकलेला, आता अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसचं मास्टर्स करायचं म्हणतो, बँक चाळीस लाख द्यायला तयार आहे. त्यांना मी जे सांगितलं ते इथंही सांगतो. बहुतेक पोलीस दलं, एफबीआय, बहुतेक केंद्रीय खाती यांना अमेरिकी नागरिक लागतो. विद्यार्थी व्हिसावर शिकून नुसतं क्रिमिनल जस्टिस केलेल्याला कामाचं वर्ष एकच मिळतं. न्यायवैद्यक विज्ञान त्यांच्या तांत्रिक विषयांच्या यादीत असल्यानं तिथं मुदत वाढते, पण नोकरी देणाऱ्या बऱ्याचशा प्रयोगशाळा सरकारीच. उलट आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यानं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक होत चाललं आहे. पलीकडून वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिकडून आल्यावर इथं घेतील ना?" इथं उपनिरीक्षकाला कुठलीही पदवी चालते आणि शिपायाला बारावी, हे त्यांना माहीत होतंच.

मी एडिसनहून निघायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, भाचीनं फोन स्पीकरवर टाकला. कॉलेजांना नाही. यादी तिनंच केली होती: जवळच्या एका गावाचं पोलीस ठाणं, जिल्ह्याचं प्रोबेशन कार्यालय, आणि एक सरकारी प्रयोगशाळा. मेहुणे कामावर न जाता चहाचा कप धरून उभे होते. ठाण्यातल्या माणसानं सांगितलं, विषय कुठलाही चालेल, आधी परीक्षा दे आणि रोज पळायला लाग. प्रोबेशनच्या बाईंनी पदवी लागेल म्हणून सांगितलं, आणि स्पॅनिश येत असेल तर फार बरं, हे दोनदा बजावलं. प्रयोगशाळेत बराच वेळ संगीत वाजत राहिलं. मग कुणीतरी फोन घेतला आणि क्रिमिनल जस्टिस हे शब्द ऐकल्याबरोबर नम्रपणे नाही म्हटलं. रसायनशास्त्र हवं.

तिनं वहीत तिन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिली आणि पेन चावत बसली.

"मग?" मेहुण्यांनी विचारलं.

"केमिस्ट्रीत मला सी आहे, बाबा," ती म्हणाली, आणि बूट शोधायला जिन्यावरून वर गेली.